एलादिओला पोचवायचं राहिलं होतं

दोसिंदा रेगोने मेलेल्या नवऱ्याला नऊ वर्षं तिष्ठत ठेवलं. विसरली म्हणून नाही, जमलं नाही म्हणून नाही. ठरवून. एलादिओ जिवंतपणी कधी तेइशीदोच्या संत आंद्रेसला गेला नव्हता, आणि आमच्याकडे अशा माणसाचं मेल्यावर मोठं अवघड होऊन बसतं. त्याच्या जीवाला पुढची वाट मिळत नाही. तो सरडा होतो, बेडूक होतो, गोगलगाय होतो आणि गवतात पडून राहतो. घरचं कुणीतरी कबरीपाशी येऊन हाक मारेल आणि चालत चालत समुद्राकाठच्या त्या चर्चपर्यंत आपल्याला सोबत नेईल, एवढीच त्याला आशा. हाक मारायचा पहिला मान बायकोचा. बायकोने हाक मारली नाही.

एलादिओची धाकटी बहीण बेनिता दर सप्टेंबरात येऊन दारात उभी राहायची. मक्याची कणसं सोलणाऱ्या दोसिंदाच्या हाताकडे बघत म्हणायची, "वहिनी, यंदा तरी ने गं त्याला. पावसापाण्यात माझा भाऊ भिजत असेल."

"भिजू दे. स्वित्झर्लंडात बारा महिने कोरडा होता."

"अशी किती वर्षं ठेवणार आहेस?"

"मी किती काढली ती आधी मोज, मग मला विचार."

"मीच नेलं असतं."

"ने की. तुझे पाय मी कुठे बांधलेत?"

पण बायको जिवंत असताना बहिणीने न्यायचं म्हणजे गावभर शोभा. बेनिता आल्या पावली परत जायची, आणि दोसिंदा पुढचं कणीस उचलायची. आयुष्यात त्या माणसाला तिने पहिल्यांदाच मुठीत धरलं होतं. ते सुख ती बेनितासाठी सोडणार नव्हती.

सुख हा शब्द जपून वापरायला हवा, कारण दोसिंदाच्या वाट्याला ते फारसं आलं नव्हतं. लग्न बाहत्तर सालचं. त्र्याहत्तरात एलादिओ स्वित्झर्लंडात, बासेलला, गवंडीकामाला गेला. तिकडचे लोक नऊ महिने राबवून घ्यायचे आणि हिवाळ्यात तीन महिने घरी हाकलायचे, तसा तो डिसेंबरात यायचा आणि मार्चला जायचा. पुढे वर्षभराचा परवाना मिळाला तेव्हा फक्त ऑगस्टात येऊ लागला. मग तिथल्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करणारी एर्मितास त्याला भेटली, आणि ऑगस्टही बंद झाला. एर्मितास आपल्याकडचीच, ओरेन्से बाजूची. परक्या देशात जाऊन माणसाने परकी बाई तरी धरावी, हा दोसिंदाचा आणखी एक राग.

दोन हजार पाचच्या वसंतात तो तिकडेच मेला. पण गावच्या कबरस्तानाच्या भिंतीत त्याने स्वतःसाठी कप्पा घेऊन ठेवला होता, म्हणून पेटी इकडे आली. कागदावर सही लागली ती दोसिंदाची. "सही करायला मी," ती पाद्रीबाबांच्या तोंडावर म्हणाली, "बाकी सगळ्याला ती." दफनाच्या वेळी करड्या कोटातली एक बुटकी बाई सगळ्यांच्या मागे उभी होती आणि कुणाशी न बोलता निघून गेली. दोसिंदाने तिच्याकडे एकदाच पाहिलं. बाई दिसायलाही काही विशेष नव्हती, म्हणून तर अपमान दुप्पट झाला.

मग दोन हजार चौदाच्या सप्टेंबरात, कुणीही न सांगता, ती एके दिवशी सकाळी कबरस्तानात गेली. वय सहासष्ट, उजवा गुडघा रुसलेला. दया आली होती असं नाही. तिला एक गोष्ट उमगली होती, आणि इतकी वर्षं कशी उमगली नाही म्हणून तिने स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या. एलादिओची जन्माची सवय अशी, की बायको काही मनातलं बोलायला लागली की तो उठायचा. गुरांकडे बघायला, टोपी आणायला, कशालाही. पण तेइशीदोच्या वाटेवर ज्याला हाक मारून नेतात त्या जीवाला उठून जाता येत नाही. ज्याने हाक मारली त्याच्या सोबतीनेच त्याला चालावं लागतं, मुक्कामाला पोचेपर्यंत. दोसिंदाच्या चालीने चार दिवस. चार दिवस एलादिओला तिचं ऐकावं लागणार होतं.

त्याला सांगायचं होतं ते एकच होतं, आणि ते एकोणचाळीस वर्षं तिच्या पोटात होतं.

तिने बोटांच्या पेरांनी कप्प्याच्या दगडावर तीनदा ठोकलं. "एलादिओ, ऊठ. उद्या सकाळी निघायचंय. रविवारी दुपारी तेइशीदोला पोचायचं. उशीर केलास तर थांबणार नाही." शेजारच्या कबरीवर फुलं बदलणाऱ्या बाईने मान वर करून क्रूसाची खूण केली आणि पुन्हा कामाला लागली.

पहिला दिवस दोसिंदाने किरकोळ हिशेब चुकते करण्यात घालवला. पाठीवर पिशवी, हातात चेस्टनटची काठी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पुढे नको होऊस. मागेच राहा, पुढे गेलास की तू पळतोस." मग छपराच्या कौलांवरून, मग लाल गाय तिला न विचारता विकली त्यावरून, मग त्र्याऐंशीत आलेल्या शेवटच्या पत्रावरून. ते पत्र जेमतेम साडेसहा ओळींचं होतं आणि त्यातल्या दोन ओळी ट्रॅक्टरबद्दल होत्या. दुपारी तिने दगडावर बसून पाव आणि चीज सोडलं. असं बसलं की सोबतच्या जीवासाठी एक घास बाजूला ठेवतात. दोसिंदाने ठेवला नाही. सगळं स्वतः खाल्लं, सावकाश, त्याला दिसेल असं.

वाटेत एक म्हातारा मका कापत होता. तिचं बोलणं ऐकून त्याने कोयता थांबवला.

"कोण आहे सोबत?"

"नवरा."

"कधी गेला?"

"नऊ वर्षं झाली."

"उशीर केलात, बाई."

"घाई करावी असा नव्हता."

म्हातारा हसला. "माझीला मी पहिल्याच वर्षी नेलं. वाटभर माझ्यावरच डाफरत होती." आणि त्याने टोपी काढून दोसिंदाच्या मागच्या रिकाम्या जागेला नमस्कार केला. दोसिंदाला ते आवडलं नाही. एलादिओला आयुष्यभर लोकांनी असाच फुकटचा मान दिला होता.

दुसऱ्या दिवशी आस पोंतेसची विजेच्या कारखान्याची चिमणी सकाळी दिसू लागली ती संध्याकाळ झाली तरी डोळ्यांसमोरून हलेना. गुडघा बोंबलत होता. निलगिरीच्या जंगलातून जाताना पायवाटेच्या मधोमध एक भलीमोठी काळी गोगलगाय आडवी पडलेली दिसली. या वाटेवर जिवंत काहीही चिरडायचं नाही, कारण ते कुणाचं तरी माणूस असतं, हाकेची वाट बघत पडलेलं. दोसिंदाने पाय उचलला आणि क्षणभर तसाच धरला. मग खाली वाकून, गुडघ्याला शिव्या देत, तिने गोगलगायीला पानावर घेतलं आणि कडेला सोडलं. "तू असलास तर समज, उपकार झाले," ती म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली. जे सांगायचं होतं ते जवळ येत होतं आणि तिला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ती डोंगरावर चढली. वर झाड नाही, नुसती झुडपं, वारा, पवनचक्क्या आणि मोकाट घोडे. एका वळणावर यात्रेकरूंनी रचलेला दगडांचा ढीग आहे. दोसिंदाने आपला दगड त्यावर टाकला, त्याच्याच आडोशाला बसली, आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगायला लागली.

"आरासेलीला ताप आला तो बुधवारी. तुला तार केली ती शुक्रवारी, हे तुला माहीत आहे. मधला गुरुवार तुला माहीत नाही. तू विचारला नाहीस."

आरासेली त्यांची मुलगी. एकुलती. डिसेंबरात जन्मली आणि पुढच्या नोव्हेंबरात गेली.

"गुरुवारी सकाळी तिने दूध ओकलं आणि डोळे फिरवले. पाऊस कोसळत होता. शेजारच्या मानुएलचा ट्रॅक्टर चिखलात रुतला होता. मी तिला शालीत बांधून छातीशी घेतलं आणि विलाल्बाला डॉक्टरकडे निघाले, चौदा किलोमीटर. निम्म्या वाटेवर पूल आहे बघ, तू जिथे मासे धरायचास. तिथपर्यंत ती कण्हत होती. पुलावर थांबली. मला कळलं, एलादिओ. तिथेच कळलं. पण मी शाल उघडून पाहिलं नाही. पाहिलं तर खरं होईल असं वाटलं. म्हणून मी तशीच चालत राहिले, आणखी दोन तास. वाटेत एकाने गाडीत बसवतो म्हटलं तर नको म्हणाले, कारण लवकर पोचायचं नव्हतं मला. डॉक्टरने शाल सोडली आणि विचारलं, बाई, ही कधीपासून अशी आहे? मी म्हणाले, आत्ता. आत्ताच दारात. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. ते सगळं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला सांगणार होते. तू तीन आठवड्यांनी आलास, मी चुलीपाशी बसून तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, जाऊ दे बाई, झालं ते झालं. आणि शिडी घेऊन छपरावर गेलास कौलं बसवायला. तिसऱ्या आठवड्यात माझं दूध अजून आटलं नव्हतं आणि डोक्यावर तू हातोडी मारत होतास."

इथे ती थांबली. कुठूनही उत्तर येणार नव्हतं आणि तिला नकोही होतं. पण यावेळी कुणी उठून गेलं नव्हतं. ती रडली, नाक पुसलं, पिशवीतून पाव काढला. त्याचा एक तुकडा मोडून तिने शेजारच्या दगडावर ठेवला. "खा," ती म्हणाली, गाईला म्हणायची तशाच आवाजात. माफी अशी तिने काही केली नाही. पण उतारावर पाय एवढे हलके पडत होते, की हे नऊ वर्षांपूर्वीच का केलं नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

रविवारी दुपारी ती चर्चमध्ये शिरली. मिस्साची प्रार्थना संपली होती, माणसं पांगत होती. "आलास बाबा," ती पुटपुटली. "आता तुझं तू बघ." मेणबत्ती लावायला ती बाजूच्या वेदीकडे गेली. तिथे भिंतीवर नवसाचे मेणाचे हातपाय टांगलेले, आणि त्यांच्या खाली, आणलेल्या माणसांचे फोटो खोचलेले. मेणबत्ती लावता लावता तिला एलादिओ दिसला.

पंचवीस-सव्वीसचा एलादिओ. गावच्या चर्चच्या पायऱ्या, अंगात उसना कोट, हातात बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झबल्यातली आरासेली. बाप्तिस्म्याच्या दिवशी एवढा एकच फोटो निघाला होता आणि तो त्या मार्चमध्येच त्याच्याबरोबर बासेलला गेला होता. दोसिंदाकडे मुलीचा एकही फोटो नव्हता. लेकीचा चेहरा तिच्या मनातून पुसून पुसून गेला होता. आठवायला बसलं की दुसऱ्यांचीच पोरं डोळ्यांपुढे यायची. आणि तो चेहरा हा असा इथे होता, थोडा वैतागलेला, एक कान टोपीबाहेर आलेला. फोटोच्या कडेला कुणाचं तरी काळं कोपर आलं होतं. ते तिचं स्वतःचं होतं.

फोटो नीट प्लास्टिकमध्ये बंद केलेला होता. स्वित्झर्लंडात राहिलेली माणसं सगळं प्लास्टिकमध्ये घालतात. तिने तो काढून उलटा केला. मागे निळ्या शाईत, शाळकरी वळणाचं अक्षर: "एलादिओ, आणि त्याची लेक आरासेली, अकरा महिन्यांची होऊन गेली. दोघांना चालत आणलं. तो तिच्यासाठी शेवटपर्यंत रडत असे. ऑक्टोबर २००५. एर्मितास."

दोसिंदाने ते तीनदा वाचलं. मग फोटो होता तिथे ठेवला आणि बाहेर आली.

बाहेर दुकानं मांडलेली होती, कणकेच्या रंगीत आकृत्या, होड्या, मासे, संत. एक जाडजूड विक्रेती बाई आकृत्यांना दोरे ओवत बसली होती. दोसिंदा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"एकाच माणसाला दोनदा आणता येतं का हो?"

"दोनदा कशाला आणायचं?" बाईने वर न बघताच म्हटलं. "एकदा आणलं की सुटला. दुसऱ्या खेपेला येणार कोण?"

"आणि हाक मारली तर?"

"मारा की. भिंतीला मारल्यासारखी."

"तो ऐकत असेल ना पण? वाटेत बोललेलं?"

आता बाईने वर पाहिलं. "जो सुटला त्याला ऐकायला काय राहिलंय इथे, मावशी? बसा जरा. पाणी देऊ का?"

दोसिंदा बसली नाही. नऊ वर्षं ती ज्याला भिजवत होती तो त्याच पहिल्या शरदात छान कोरडा होऊन गेला होता. तिच्या रागाचा, तिच्या त्या एवढ्याशा सुखाचा, दगडावर ठेवलेल्या पावाच्या तुकड्याचा धनी तिथे कुणी नव्हताच. पुलावरचं सगळं तिने पवनचक्क्यांना सांगितलं होतं. पण याहून वाईट होतं ते निळ्या शाईतलं. तो रडत असे. म्हणजे त्याला रडता येत होतं. तो दगड असता तर तिने सहन केलं असतं, इतकी वर्षं तसंच तर केलं होतं. त्याने रडण्यासाठी दुसरं घर शोधलं होतं, आणि मुलीची आई चौदाशे किलोमीटरवर एकटी कोरडी बसून होती.

"तान्ह्या मुलाला आणावं लागतं का?" तिने विचारलं.

"बाप्तिस्मा झालेलं?"

"झालेलं."

"छे. ते तर तसंच वर जातं. त्याला कुणी आणत नाही."

"एकीने आणलं."

"मग फार जीव असेल तिचा," विक्रेती म्हणाली, आणि तिला हे कळायचं कारण नव्हतं की याहून वाईट शब्द तिला सापडले नसते.

दोसिंदाने दोऱ्यांजवळ पडलेल्या कात्रीकडे बोट केलं. "ही जरा देता? आत्ता आणून देते."

आत चर्च रिकामं झालं होतं. तिने फोटो काढला, वेदीच्या कठड्यावर टेकवला आणि कापायला लागली. प्लास्टिक चिवट होतं, कात्री दोरे कापायची. तिने घाई केली नाही. झबल्याच्या कडेकडेने, टोपीच्या कडेने, त्या बाहेर आलेल्या कानाच्या कडेने कापत ती पूर्ण फिरली आणि आरासेली सुटी झाली. मागे एलादिओ राहिला, पोटाच्या जागी भोक पडलेला आणि हात काहीतरी धरल्यासारखे पुढे केलेला. तिने त्याला होता तिथे, नीट सरळ, परत खोचलं.

वळली तर दारात विक्रेती उभी. कात्री परत का येत नाही म्हणून बघायला आली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं.

"संताला दिलेलं परत नेत नाहीत, मावशी," ती हळूच म्हणाली. भांडायला म्हणून नाही, घाबरून.

"मी दिलेलं नव्हतं," दोसिंदा म्हणाली आणि कात्री तिच्या हातात ठेवली.

चार वाजता सेदेइराला जाणारी बस लागली. दोसिंदाने दोन तिकिटं मागितली. ड्रायव्हरने तिच्या मागे पाहिलं, कुणी नव्हतं. भला माणूस होता, समजावून सांगायला लागला.

"आजी, दोन येताना काढतात. जो गेलाय त्याला बसायला जागा लागते म्हणून. परत जाताना एकच पुरतं. सोडून आलात ना त्याला?"

"त्याला सोडलं."

"मग?"

"दोन दे."

त्याने दोन दिली. खिडकीची जागा तिने रिकामी ठेवली आणि आपण कडेला बसली, मुठीत तो बोटभर तुकडा धरून. चार दिवस तिच्या तोंडाला खळ नव्हता. आता काय बोलावं ते सुचेना. आरासेली गेली तेव्हा तिला तीनच शब्द कळत होते: पाणी, गाय आणि आई. सेदेइरा यायच्या आत दोसिंदाचे ते तिन्ही बोलून संपले.